वाचक विचारतात : पश्चिमेची वाट, सैल धाव आणि १६० एकर

प्रश्न (फोंडा) : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेली कुटुंबं घोड्यांच्या छपरी गाडीत बसून जाताना सिनेमात दिसतात. खरंच तसं होतं का? गाडीत सामान किती मावायचं?

उत्तर : घोडे कमी, बैल जास्त, आणि बसून जाणारे फारच थोडे. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून ऑरेगनपर्यंतची वाट तीन हजार किलोमीटरहून लांब, वेळ चार ते सहा महिने. गाडीला स्प्रिंग नसायचे, त्यामुळे आत बसण्यापेक्षा चाललेलं बरं. शिवाय प्रत्येक माणसाचं वजन बैलांच्या मानेवर. म्हणून आजारी आणि तान्ही मुलं सोडून बहुतेक सगळे पायी.

गाडीचा साटा, म्हणजे सामान भरायचा भाग, सुमारे ४ फूट रुंद, १० फूट लांब. वर जवसाचं तेल चोळलेलं कॅनव्हास. भार ९०० ते १,१०० किलोच्या वर नेऊ नये असा सल्ला असे. त्या काळच्या एका मार्गदर्शक पुस्तिकेतलं माणशी प्रमाण असं : पीठ ९० किलो, खारवलेलं डुकराचं मांस ६८ किलो, साखर ९, कॉफी साडेचार आणि मीठही साडेचार. चार मोठ्या माणसांचं हेच सातशे किलो झालं. मग आजीचं कपाट वाटेतच टाकावं लागे, यात नवल नाही. उन्हात मांसाची चरबी वितळू नये म्हणून ते कोंड्यात पुरून ठेवत.

बैल का? घोड्याला दाणा लागतो, बैल माळावरच्या गवतावर निभावतो, किंमतही कमी. दिवसाला २४ किलोमीटर झाले तरी चांगली मजल. अडचण होती ती पत्रीची, म्हणजे खुराला ठोकायच्या लोखंडी नालेची. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणजे एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. त्यात बैल घोड्यासारखा तीन पायांवर उभा राहत नाही. त्याला आडवा पाडून, पाय बांधूनच पत्री ठोकावी लागते. हे आपल्याकडच्या जुन्या गाडीवानांना वेगळं सांगायला नको.

प्रश्न (डिचोली) : या गाड्यांची चाकं वाटेत निखळून पडत, असं वाचलं. आमच्याकडे पावसात लाकूड फुगतं, मग तिथे असं का?

उत्तर : तुमच्या उलट, म्हणूनच. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठ्यांचं (बाकदार लाकडी तुकड्यांचं) कडं आणि सगळ्याभोवती तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड होताना आवळते आणि चाक एकजीव होतं. दमट हवेत बनलेलं हे चाक वाटेवरच्या प्लॅट नदीच्या वरच्या अंगाला, कोरड्या माळावर पोचलं की लाकूड आकसतं. लोखंड आहे तेवढंच राहतं. आधी आरे कुरकुरतात. तेव्हा दुर्लक्ष केलं की एखाद्या उतारावर धाव सुटून घरंगळत जाते.

रात्री चाक काढून नदीत बुडवून ठेवणं हा सोपा उपाय, पण ऊन चढलं की पुन्हा सैल. धाव आणि पुठ्ठ्यांच्या मधे लाकडी पाचरी ठोकल्या तर काही दिवस निघत. पक्का उपाय एकच : धाव कापून थोडी आखूड करायची, सांधायची, लाल तापवून चढवायची आणि वर पाणी ओतायचं. वंगण म्हणून पाइनचं डांबर आणि चरबी. त्याची बादली मागच्या कण्याला टांगलेली असे. झाडं नव्हती, म्हणून चुलीला बायसनच्या वाळलेल्या शेणी. (आपल्याकडे गव्यालाच बायसन म्हणतात; तो प्राणी वेगळा.)

प्रश्न (साखळी) : सगळे एप्रिल-मे महिन्यातच का निघत?

उत्तर : लवकर निघाल्यास बैलांना गवत नाही, उशीर केल्यास डोंगरात बर्फ. ४ जुलैच्या सुमारास वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉकपाशी असावं, असा ठोकताळा होता. १८४६ मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डोनर तांड्यानं न अजमावलेला 'जवळचा रस्ता' धरला आणि ऑक्टोबर संपताना तो सिएरा नेवाडाच्या डोंगरांत बर्फात अडकला. ८७ जणांपैकी निम्म्याहून थोडेच जास्त वाचले.

प्रश्न (म्हापसा) : सरकारनं १६० एकर फुकट दिले म्हणतात. हे किती चौरस मीटर? आणि १६० च का?

उत्तर : सुमारे ६ लाख ४७ हजार चौरस मीटर. आकडा मोजणीतून आला. १७८५ पासून जमीन ६ मैल बाजूच्या चौकोनांत आखली जात होती. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे. एका तुकड्याचा चतकोर म्हणजे १६० एकर. मोजणी ६६ फुटी साखळीनं : ४० साखळ्या लांब, ४० रुंद. (सीमेपलीकडचे सावंतवाडीचे पाहुणे ज्या गुंठ्यात बोलतात, तो याच साखळीच्या निम्म्याचा, ३३ फुटांचा चौरस.) पृथ्वी गोल असल्यानं रेखांश उत्तरेकडे जवळ येतात आणि चौकोन जुळत नाहीत. ही तूट उत्तर आणि पश्चिम कडेच्या रांगांत ढकलली जाई. तिथला घेणारा 'माझे १६० भरत नाहीत' म्हणाला, तर ते खरंच असे.

१८६२ चा होमस्टेड कायदा अगदी फुकटचा नव्हता. वय २१ किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा तसा इरादा जाहीर केलेला, हातात अमेरिकेविरुद्ध कधी शस्त्र न धरलेलं. भूमी कार्यालयात अर्ज आणि १२ डॉलर; ५ वर्षं वस्ती, घर, लागवड; मग दोन साक्षीदार, आणखी ६ डॉलर आणि मालकीचा कागद. एकट्या बायकाही अर्ज करत. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरला तरी जमीन मिळे. दलाल याच फटीतून आत शिरले.

सामान्य माणूस फसला तो पावसात. अमेरिकेच्या साधारण मधून जाणाऱ्या शंभराव्या पश्चिम रेखांशाच्या पलीकडे, कोरड्या माळावर, वर्षाला ५० सेंटिमीटरही पाऊस नाही. आपल्याकडे ३०० च्या आसपास. तिथे १६० एकर शेतीला पाणी पुरत नाही आणि गुरं पाळायला ती जागा अपुरी. आमच्या मते कायद्याची मोठी चूक हीच : पूर्वेच्या ओल्या जमिनीचं माप कोरड्या माळाला लावलं.

प्रश्न (मडगाव) : ती जमीन रिकामी होती का?

उत्तर : नव्हती. १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारानं ब्लॅक हिल्स हे डोंगर तिथल्या मूळ रहिवासी सू लोकांकडे राहतील असं ठरलं. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं, १८७७ मध्ये सरकारनं ते डोंगर काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई म्हणून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम कायम केली. सू लोकांनी ती घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.