दहा गुरं पाळून हातात काय उरतं?

प्रश्न : नमस्कार. थोडी जमीन आहे, गवत चांगलं येतं आणि निम्मं तर उभ्या उभ्या वाळून जातं. नोकरी चालू ठेवून मांसासाठीची दहाएक गुरं पाळावीत असं डोक्यात आहे. घरचे म्हणतात एवढ्याशा गुरांत काय राहणार, मित्र म्हणतो गवत फुकटचं आहे, सगळा नफाच. नक्की परवडतं का? आणि गाई घ्यायच्या की नुसती वासरं आणून वाढवायची?

उत्तर : आधी कायदा बघा. गुरांच्या कत्तलीचे आणि विक्रीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे, त्यामुळे तुमच्याकडे हे चालतं का हे विचारल्याशिवाय पुढे एक पैसा घालू नका.

आता गवत. तुमचा मित्र म्हणतो ते अर्धंच खरं आहे, कारण गवत बारा महिने नसतं आणि गाय मात्र बारा महिने खाते. साधारण साडेपाचशे किलोची गाय रोज तिच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे 11 ते 14 किलो, वर पायाखाली तुडवून वाया जातो तो धरला की वाळलेलं गवत रोज पंधराएक किलो लागतं. रानात गवत नाही असे चार महिने धरा, एका गाईला 1800 किलो, दहा गाईंना 18 टन! हे कापायला, वाळवायला, रचून ठेवायला तुमच्याकडे यंत्र आणि छप्पर आहे का? नसेल तर विकत घ्यावं लागणार, आणि नेमकं सगळ्यांना लागतं तेव्हाच ते महाग असतं.

दुसऱ्या बाजूला येणारं काय ते बघू. दहा गाईंपैकी एखादी गाभण राहत नाही, एखादं वासरू जातं, दूध तोडायच्या वेळी म्हणजे सहा ते आठ महिन्यांचं झाल्यावर हातात आठ वासरं धरा. त्यातली एक कालवड म्हाताऱ्या गाईच्या जागी ठेवायची, राहिली सात. प्रत्येकी 220 किलो धरलं तर वर्षाचा सगळा माल झाला दीड टन जिवंत वजन. (म्हातारी गाय काढली तर तिचे पैसे येतात ते वेगळे.) आता तुमच्याकडच्या बाजारात जिवंत वजनाला किलोमागे काय भाव चाललाय तो घ्या आणि एका बाजूला 18 टन चारा, दुसऱ्या बाजूला दीड टन वासरं असं मांडा. कागदावर पाच मिनिटांचं काम आहे, पण बरेच लोक गाई आणल्यावर करतात.

आणि यात कुंपण, पाण्याची सोय, जनावर पकडून लस टोचायला खोडा, ने-आण करायला गाडी हे अजून आलेलंच नाही. छोट्या कळपाची खरी अडचण इथे आहे. खोडा दहा गुरांना एकच लागतो आणि चाळीस गुरांनाही एकच लागतो, व्हेटची (जनावरांच्या डॉक्टरची) फेरी एका गाईसाठी असो की पंधरा, येण्याचे पैसे तेच. हा सगळा बोजा चाळीस वासरांवर वाटला जातो तेव्हा कळत नाही, सातांवर वाटला की सातही वासरं त्यातच जातात. म्हणून जमीन, कुंपण, पाणी आधीच असेल तर छोटा कळप तरतो, सगळं नव्याने उभं करायचं असेल तर माझं स्पष्ट मत, पैशासाठी करू नका, हौस म्हणून करा आणि तसं घरी सांगून टाका.

गाई की वासरं, याला माझं उत्तर वासरं. गाय घ्यायची तर वेळ किती लागतो बघा, आठ महिन्यांची कालवड आणली तर ती साधारण पंधराव्या महिन्यात भरवायची (म्हणजे गाभण करून घ्यायची), पुढे नऊ महिने पोट (283 दिवसांच्या आसपास), मग तिचं वासरू सात महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं, म्हणजे पहिला पैसा दिसायला दोन वर्षं सहज गेली. त्याउलट दूध तुटलेली वासरं गवत फुटलं की आणायची आणि गवत संपायच्या आत विकायची. वाळला चारा जवळजवळ नाही, रात्री-अपरात्री वेत नाही, वळू नाही. चांगल्या कुरणावर दिवसाला 600 ते 800 ग्रॅम वजन चढतं, पाच महिन्यांत शंभरेक किलो. नोकरी सांभाळून हे जमण्यासारखं आहे.

पण इथे एक गंमत आहे जी नवख्याला हमखास नडते. जनावर जड होत जातं तसा किलोचा भाव बऱ्याचदा उतरतो. समजा 225 किलोचं वासरू आणलं आणि 325 किलोचं विकलं, पण जड म्हणून किलोमागे दहा टक्के कमी मिळाले, तर तुम्ही शंभर किलो वाढवलं आणि पैसे मिळाले सदुसष्ट-अडुसष्ट किलो वाढीचे. त्यातून औषधं, मीठ-खनिज, गाडीभाडं काढा. म्हणून विकायचा भाव अंदाजे धरूनच घ्यायचा भाव ठरवायचा, वासरू देखणं दिसलं म्हणून नाही. आणि दहातलं एक मेलं तर दहा टक्के माल गेला, मोठ्या कळपवाल्याला तोच फटका जाणवतही नाही.

मरतात ती बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. चार ठिकाणची वासरं एकत्र आली, प्रवासाचा ताण, आईपासून नुकतीच तोडलेली, की न्यूमोनिया धरतोच. म्हणून शक्यतो एकाच मालकाकडून घ्या, दूध तोडून दीडेक महिना झालेली, लस टोचलेली, खच्चीकरण झालेली. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि कुंपण ओढून झालं की तारेचे तुकडे, खिळे वेचून घ्या बरं का, गुरं चाटून-निवडून खात नाहीत, गवताबरोबर तार पोटात जाते आणि ती पुढे हृदयाच्या बाजूला घुसू शकते. त्यासाठी पोटात लोहचुंबक सोडतात, तो तिथेच राहतो आणि तार धरून ठेवतो, पण वेचलेलं बरं.

प्रश्न : माझ्याकडे चार गाई आहेत, वळू विकत घ्यावा का? शेजारी म्हणतो स्वतःचा असला की टेन्शन नाही.

उत्तर : टेन्शनच टेन्शन. एक वळू पंचवीस-तीस गाईंना पुरतो, तुमच्या चार गाईंसाठी तो वर्षातले दोन-तीन महिने काम करणार आणि बाकी दिवस गाईपेक्षा जास्त खात उभा राहणार. त्यात वळू माणसाळलेला असला तरी भरवशाचा नसतो, बाटलीवर वाढवलेला तर अजिबात नाही, कारण त्याला माणसाची भीतीच उरत नाही. कृत्रिम रेतन करा. त्यात अडचण एकच, माज (गाय गाभण राहू शकते तो थोडा वेळ) ओळखायला लागतो, तो साधारण दर 21 दिवसांनी येतो आणि तासांच्या हिशोबात जातो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बघणारं माणूस हवं. ते जमत नसेल तर व्हेटकडून इंजेक्शनं देऊन सगळ्यांचा माज एका वेळी आणता येतो. दुसऱ्याचा वळू उसना आणणार असाल तर आधी त्याची तपासणी करून घ्या, वळूमार्फत पसरणारे काही रोग असे आहेत की गाय वरून ठणठणीत दिसते आणि गाभणच राहत नाही, वर्ष फुकट जातं.

प्रश्न : जनावर बाजारात विकण्यापेक्षा मांसच थेट ओळखीच्या लोकांना विकलं तर जास्त सुटतं ना? सहाशे किलोचं जनावर म्हणजे मांसही भरपूर निघेल.

उत्तर : सुटतं, पण सहाशे किलो डोक्यातून काढा. कातडं, डोकं, आतडी गेली की लटकणारं वजन 60 टक्क्यांच्या आसपास राहतं, म्हणजे 360 किलो. त्यातून हाडं, चरबी, सुकून कमी झालेलं वजन वजा केलं की पिशवीत भरायला 230-240 किलो उरतं. त्यातलंही पाठीचं मऊ मांस, जे सगळ्यांना हवं असतं, ते फारच थोडं, मोठा वाटा खिम्याचा आणि शिजायला वेळ लागणाऱ्या तुकड्यांचा. म्हणून सुटे तुकडे विकू नका, चांगलं आधी उडून जातं आणि बाकीचं तुमच्या फ्रीझरमध्ये पडून राहतं. जनावराचा चौथा हिस्सा, अर्धा हिस्सा असं विका, आणि गिऱ्हाईक पक्कं झाल्यावरच जनावर पाठवा. शिवाय कत्तलखान्याची तारीख बऱ्याच महिने आधी धरावी लागते, आणि मांस विकायचं असेल तर तपासणी होणारा, परवाना असलेलाच लागतो. पैसे आधी ठरवताना वजन जिवंत, लटकतं की पॅक केलेलं हे लिहून घ्या, निम्मी भांडणं त्यावरून होतात.

प्रश्न : डेअरीवाले नर वासरं अगदी स्वस्तात देतात. घेऊ का?

उत्तर : स्वस्त का देतात विचारलंत का? दोन-चार दिवसांचं वासरू म्हणजे दोन महिने दूध पाजायचं, दुधाच्या पावडरीचा खर्च वासराच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चीक, व्याल्यावर गाईला येणारं पहिलं घट्ट दूध. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तरच रोगप्रतिकार येतो, चोवीस तासांनंतर तो शोषलाच जात नाही. नर वासराला तो नीट पाजला होता का हे तुम्हाला नुसतं बघून कळणार नाही. दुधाळ जातीचं अंग हाडकुळं असतं, मांस भरायला वेळ आणि खुराक जास्त लागतो. वेळ भरपूर असेल, डेअरीवाला ओळखीचा असेल तर दोन आणून बघा, दहा नको.

प्रश्न : गाईला जुळं झालंय, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड पुढे गाय म्हणून ठेवू ना?

उत्तर : नको. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा वांझ निघते, पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि तिचे अवयव नीट घडत नाहीत. खात्री हवी असेल तर व्हेटकडून रक्त तपासून घ्या. नाहीतर सरळ गोऱ्ह्याबरोबर वाढवून विका, वाढायला ती कुठे कमी पडत नाही. दोन्ही कालवडीच झाल्या असत्या तर काही अडचण नव्हती.