पुट्टी लावलेली मूठ

नाशिक,
पौष, रविवार रात्र

चि.,
अनेक आशीर्वाद.

कुठलं एअर पिस्तूल घ्यावं याचा तुझा तक्ता मिळाला. पाच पिस्तुलं, अकरा रकाने, आणि शेवटच्या रकान्यात 'दहा वर्षांनी विकलं तर किती येतील?' आधी हसू आलं. मग आठवलं की यंदाचा माल उतरला की बाबा पैसे देणार आहेत, आणि द्राक्षाचा पैसा किती अवकाळी पचवून हातात येतो ते दिंडोरीच्या पोरीला मी काय सांगू! म्हणून फोनवर न उरकता लिहायला बसलो.

'अचूकता' हा पहिला रकाना खोडून टाक. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी, यातलं कुठलंही एअर पिस्तूल वाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून दहा मीटरवरून मारलं तर पेलेट, म्हणजे छर्रे, एकाच भोकातून जातात. आपल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, पेलेट साडेचारचं. खोक्यात कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं त्यावरचं भोक बघ, दहाच्या आत मावून वर जागा उरते. गेल्या मॅचला तू ६०० पैकी ५५२ मारलेस. राहिलेले ४८ गुण नळीने खाल्लेले नाहीत. अचूकतेवर खर्च करायचाच असेल तर पेलेटवर कर. ४.४९ आणि ४.५० असे दोन्ही मापांचे डबे आण, पिस्तूल वाइसला लावून दोन्हींचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, काढू, आणि जो लहान येईल त्याच बॅचचे डबे वर्षभराचे भरून ठेवू.

खरी निवड हातात आहे. मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. तुझा तळवा रुंद आणि बोटं आखूड, त्यामुळे कॅटलॉगमधलं माप तुला लागू पडेलच असं नाही. पिस्तूल धर, डोळे मीट, हात उचल, मग डोळे उघड. फ्रंट साइट (नळीच्या टोकाची माशी) रिअर साइटच्या, म्हणजे मागच्या पट्टीच्या, खाचेत आपोआप बसलेली दिसली तर ती मूठ तुझी. दर वेळी मनगट वळवून ती खाचेत आणावी लागत असेल, तर मॅचच्या शेवटच्या, साठाव्या शॉटपर्यंत ते मनगट तुला दगा देणार. स्टायर आणि वॉल्थरला मुठीचा कल बदलता येतो, ही मोठी सोय. स्टायरच्या आत एक छोटं वजन शॉटबरोबर मागे सरकून झटका खातं. काहींना त्यामुळे पिस्तूल हातात मेल्यासारखं वाटतं, काहींना तेच हवं असतं. मला नको असतं. तुला काय हवंय ते तुझा हात सांगेल, मी नाही. पेलेट सेकंदाला साधारण दीडशे मीटरने निघतं, म्हणजे टार्गेटपर्यंत सेकंदाचा पंधरावा भाग. ट्रिगर सुटल्यावर तू काय करतेस ते या पिस्तुलांच्या फरकापेक्षा कितीतरी मोठं आहे.

ट्रिगर ओढायला लागणारं वजन सगळ्यांचं किमान ५०० ग्रॅम, त्यात पळवाट नाही. मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर काचेची कांडी मोडावी तसा सुटतो, आणि ड्राय फायरला, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर ओढून सराव करायला, गंमत येते. पण त्याला बॅटरी लागते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ ला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मिनिटं वाया गेली, ५७५ झाले आणि फायनल दोन गुणांनी हुकली. तिचंच पॅरिसनंतर उठलेलं दुसरं प्रकरण बाबांना सांग. तिचं पिस्तूल कोटीचं आहे अशी आवई होती. तिने स्वतःच सांगितलं की ते दीड-पावणेदोन लाखांच्या आसपासचं आहे. म्हणजे तू ज्या रांगेत उभी आहेस तिच्यातच ऑलिम्पिकवाले उभे असतात.

आता तुझ्या मामांच्या ओळखीतलं ते जुनं फाइनवेर्कबाऊ ६५. घ्यावंसं वाटतंय ना? वाटणारच. १९६५ चं डिझाइन, बाजूची लीव्हर ओढून स्प्रिंग दाबायची, शॉट सुटला की वरचा सगळा भाग रुळावर मागे सरकतो आणि हाताला झटका लागतच नाही. माझ्याकडे एक आहे, दर पावसाळ्यात तेल पाजतो. वीस ज्यूल ऊर्जेच्या आतलं, साडेचार मिलिमीटर नळीचं, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. संग्रहाला लाखात एक. पण त्यावर तू राज्य स्पर्धा मारायची नाहीस. दर शॉटला लीव्हर ओढून साठ शॉट्स मारले की खांद्याचं काय होतं ते मला विचार. त्यानंतरची सीओटू वायूवर चालणारी पिस्तुलंही दिसायला देखणी, पण सीओटूचा दाब हवामानाबरोबर बदलतो. नाशिकच्या जानेवारीत सकाळी सात वाजता माझं पिस्तूल खाली, आठच्या वर्तुळात मारायचं आणि ऊन चढलं की ग्रुप वर सरकायचा. मी वर्षभर स्वतःच्या श्वासाला दोष देत होतो! आताच्या दोनशे बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरला ही भानगड नाही. जुनं पिस्तूल घेताना मात्र सिलिंडरवरची तारीख बघायची. दहा वर्षं उलटली की मॅचमध्ये चालत नाही.

ज्याला खरी संग्रहाची किंमत असते ती पिस्तुलं वेगळीच. उदाहरणार्थ हॅमर्ली २०८. जुनं स्विस पोलाद, ज्याने एकदा चालवलं तो विसरत नाही. किंवा पन्नास मीटरच्या स्पर्धेची फ्री पिस्तुलं. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ ला कोरियाच्या जिन जोंग-ओने लाल रंगाची मोरिनी घेऊन फायनलमध्ये एक शॉट ६.६ मारला आणि तरीही सोनं नेलं. पुढे ती स्पर्धाच ऑलिम्पिकमधून गेली, आणि ती पिस्तुलं आपोआप आठवणीच्या वस्तू झाली. पण ही सगळी पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची. परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाहीत, आणि आवडलं म्हणून गोळा करत सुटायला आपल्याकडे कायदा वाव देत नाही.

तुझ्या शेवटच्या रकान्याचं उत्तर असं. संग्राहकाला मूळ मूठ, मूळ खोकं, ओरखडा नसलेली नळी लागते. तू पिस्तूल आणशील त्याच आठवड्यात मी तुझ्या हातात कानस देणार आहे. अंगठ्याखालचं लाकूड घासायचं, करंगळीपाशी एमसीलची पुट्टी भरायची, वाळली की पुन्हा घासायचं. महिनाभर. माझ्या पहिल्या मुठीवर पंचवटीतल्या एका सुताराने अक्रोडावर सागाचा तुकडा चिकटवून दिला होता. इतकी कुरूप मूठ मी दुसरी पाहिली नाही, आणि तीच सगळ्यात जास्त टेन मारून गेली. विकायला काढली तेव्हा तिच्यामुळे भाव पडला. पडू दे म्हटलं. घासताना एवढंच बघायचं की मनगट मोकळं दिसतंय आणि तळव्याच्या टेकूचा कोन ९० अंशांच्या आत गेलेला नाही. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याला तपासणीच्या टेबलावर उभ्या उभ्या टेकू तासायला लागला, आणि मग हात कापत होते ते वेगळंच.

माल उतरायला अजून दोन महिने आहेत. तोवर काही घेऊ नकोस. क्लबातल्या दोघांकडे मोरिनी आणि स्टायर आहे, एकाचं वॉल्थर मी मागून ठेवलंय. पुढच्या रविवारी सकाळी सातला ये, गारठ्यातच. प्रत्येकावर वीस-वीस शॉट्स, टार्गेट न लावता, कोऱ्या कागदावर. गुण मोजायचे नाहीत. हात कुठलं खाली ठेवायला नको म्हणतो तेवढं सांग.

आईला नमस्कार.

तुझे सर

ता. क. मामांना सांग, ते ६५ दुसऱ्या कुणाला देऊ नका. मला एकदा बघायचंय.