जेलमध्ये काम करायचंय म्हणतेस, तर...

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचून बरं वाटलं. घरी सांगितलंस का, ते मात्र लिहिलं नाहीस. आधी सांग. नाहीतर तू "जेलरोडला जातेय" म्हणशील आणि आईला वाटेल त्या रस्त्यावरच्या क्लासला निघालीस.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात पाहुण्यांची कमी नाही. राखीपौर्णिमेला राख्या, दिवाळीला फराळ, अधूनमधून एखादं प्रवचन, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. माझी त्याला ना नाही. राखी बांधून घेताना ढसाढसा रडणारे बाप्ये मी पाहिलेत. पण त्यातल्याच एखाद्याला विचार, तुझा वकील कोण, पुढची तारीख कधी? बघतच राहतो. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार माणसांमागे जवळपास तीन कच्चे कैदी असतात. म्हणजे खटला चालू आहे, शिक्षा झालेली नाही. त्यांना उपदेशाचा काय उपयोग? त्यांना कागद वाचून दाखवणारं माणूस हवं असतं.

म्हणून माझं ऐकशील तर जिल्हा न्यायालयात जा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज कर. सगळे त्याला पीएलव्हीच (पॅरा लीगल व्हॉलंटिअर) म्हणतात. वकिलीची पदवी लागत नाही. निवड झाली की प्रशिक्षण देतात, ओळखपत्र देतात आणि मग जेलच्या विधी सहाय्य केंद्रात बसायला पाठवू शकतात. शिकवायला किंवा चित्रकलेचा वर्ग घ्यायला जायचं असेल तर मात्र कारागृह अधीक्षकांकडे अर्ज करावा लागतो, आणि पोलीस पडताळणी आलीच. वेळ लागतो. रोज फोन करून त्यांचं डोकं खाऊ नकोस.

तू मुलगी, तेव्हा बहुतेक महिला विभागातच जाशील. तिथे बायका अंथरुणाखालून प्लॅस्टिकची पिशवी काढतात. आत घड्या पडून पडून फाटायला आलेले कागद असतात: दोषारोपपत्राची दोन-चार पानं, रिमांडचा आदेश, कुणीतरी पेनने लिहून दिलेला केस नंबर. बाई सांगते, "जामीन नाही झाला." तू आदेश नीट वाच. कितीदा तरी जामीन झालेला असतो! खाली लिहिलेलं असतं, १५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार कुठून आणणार ती? माहेरचे येत नाहीत, सासरचे तर नाहीच नाही. मग बसते आत. याच जेलरोडवर सरकारचा नोटांचा छापखाना आहे, हे आठवलं की मला हसावं की चिडावं कळत नाही.

अशांसाठी २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांची योजना आहे. जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरायला ठरावीक रकमेपर्यंत मदत मिळू शकते. जिल्ह्याची समिती ठरवते, पण तिच्यापर्यंत नाव तर पोचलं पाहिजे. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक, जामीन, खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याचं, कलम ४७९ पाठ कर. ज्याचा पहिलाच गुन्हा आहे, त्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचा विचार व्हावा लागतो, बाकीच्यांना निम्मा. फाशी-जन्मठेपेची कलमं असतील किंवा आणखी खटले चालू असतील तर हे लागू होत नाही. तेव्हा कलम आणि अटकेची तारीख तेवढी विचार. "तू केलंस का?" हे विचारू नकोस. ती स्वतःहून सांगायला लागली तर ऐक, पण न्यायाधीश होऊ नकोस, आणि तिची वकिलीण तर मुळीच नाही. केसच्या दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी मार खाल्लेलं, लुटलं गेलेलं माणूस आहे, याचं भान ठेव.

मोबाईल गेटवर जमा. झडती होते, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. चिठ्ठी घ्यायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, स्वतःचा नंबर तर अजिबात नाही. "माझ्या आईला एवढा एक फोन करा" असं कुणीतरी म्हणेलच. निरोप तुझ्या फोनवरून जाणार नाही. नाव लिहून घे आणि रीतसर अधिकाऱ्यांना सांग. आणि उगाच "बघते हं" म्हणू नकोस. आपल्याकडे बघते म्हणजे नाही, पण आत ती बाई तू पुन्हा येईपर्यंत त्यावर दिवस काढते. जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हण.

स्टाफशी भांडू नकोस, गळ्यातही पडू नकोस. बॅरेकी भरलेल्या, माणसं कमी, तेही पिचलेले असतात. काही वावगं दिसलं तर फेसबुकवर नाही, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळव. एका गोष्टीकडे मात्र मुद्दाम लक्ष ठेव. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जात बघून तुरुंगातली कामं वाटणारे नियम रद्द केले. झाडू कुणाच्या हातात दिला जातो, ते बघत जा.

आईबरोबर राहणारी सहा वर्षांपर्यंतची पोरं दिसतील. त्यांना गोष्टी सांग, पण खाऊ नेण्याआधी विचार. आणि ज्यांना शिकायचंय त्यांना मुक्त विद्यापीठाचे फॉर्म भरायला मदत कर. इथे स्पेलिंग चुकलं तर वर्ष जातं.

शनिवारी दुपारी घरी ये. आधारकार्डाची झेरॉक्स, दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि दोन फोटो घेऊन ये, अर्ज इथेच बसून भरू.

तुझी,
बाई