वाचकांचे प्रश्न : व्हायोलिनवरचा ख्याल

व्हायोलिनविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : ख्यालाचं माहेर आमचं ग्वाल्हेर. मग ही गायकी व्हायोलिनवर वाजवणारी मोठी नावं मुंबईची, बनारसची, कोलकात्याची कशी? ग्वाल्हेरचा या वाद्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, जनकगंज, लश्कर

संबंध आहे, आणि तो थेट गुरुपरंपरेचा आहे. हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला शिकले आणि ही गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. पुढे तिच्या दोन शाखा व्हायोलिनपर्यंत पोचल्या. बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गवईही होते आणि व्हायोलिनवादकही. वडिलांकडून ग्वाल्हेर घराण्याची गायकी मिळाली, भूर्जी खाँकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँकडून आग्र्याची. दुसरी शाखा विष्णु दिगंबर पलुस्करांची. त्यांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर आणि ओंकारनाथांच्या शिष्या एन. राजम. राजम मूळच्या दक्षिणेतल्या, कर्नाटक पद्धतीत तयार झालेल्या. ख्याल मात्र त्यांनी ओंकारनाथांकडे घेतला आणि बनारस हिंदू विद्यापीठात कित्येक वर्षं शिकवला. डी. के. दातारांच्या वादनात द. वि. पलुस्करांची गायकी ऐकू येते. व्ही. जी. जोगांची वाट थोडी निराळी. रातंजनकरांची तालीम आणि अल्लाउद्दीन खाँसाहेबांचं मार्गदर्शन, त्यामुळे त्यांच्याकडे गायकीला तंतकारीची, म्हणजे सतार-सरोदच्या वादनशैलीची, जोड आहे.

विलंबित ख्याल शिकणाऱ्याने आधी राजम ऐकाव्यात आणि लयीसाठी गजाननबुवा. हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो, कारण लयकारीची, म्हणजे लयीच्या खेळाची, गोडी आधी लागली की पुढे लांब गज (व्हायोलिनची कमान) ओढायचा धीर राहत नाही.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, गाते काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज). व्हायोलिनचे एक शिक्षक चार तारा जाडीकडून सा-प-सा-प मिळवायला सांगतात, दुसरे प-सा-प-सा. बरोबर कोणतं? शिवाय बारीक तार फार ढिली वाटते.
— एक पालक, शिंदे की छावणी

दोन्ही बरोबर. आधी तिची पट्टी बघू. दुकानातून आलेल्या व्हायोलिनच्या तारा, जाडीकडून बारकीकडे, पाश्चात्त्य पद्धतीने पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा मिळवलेल्या असतात. काळी चारमध्ये सा-प-सा-प हवं असेल तर जाड दोन तारा फक्त अर्धा-अर्धा स्वर चढवायच्या आणि बारीक दोन अर्धा-अर्धा स्वर उतरवायच्या, बस्स. वाद्यावर फाजील ताण पडत नाही. हीच पट्टी धरून प-सा-प-सा करायला गेलात तर एकेक तार चार ते आठ अर्धस्वर सरकते. मग तार तरी तुटते नाहीतर लोळते. प-सा-प-सा सोयीचं आहे ते पांढरी दोनला. तिथे मधल्या दोन तारा जागच्या जागी राहतात, जाड तार एक स्वर वर आणि बारीक तार एक स्वर खाली.

वाजवण्यात फरक असा. सा-प-सा-प मध्ये जाड तार मंद्र षड्ज धरायची, म्हणजे पूर्ण मंद्र सप्तक हाताशी येतं. मात्र तार षड्जासाठी बारीक तारेवर वर चढावं लागतं. प-सा-प-सा मध्ये बारीक तार सुटी वाजवली की तार षड्ज तयार, पण मंद्रात पंचमाखाली जाता येत नाही. ग्वाल्हेरची विलंबित बढत, म्हणजे रागाचा संथ विस्तार, मंद्रापासून मांडायची असेल तर आमचं मत सा-प-सा-प ला. दोन्हींत एक सोय सारखीच आहे : दर दोन तारांनी बोटांची तीच ठेवण परत येते, त्यामुळे सपाट तान एका सप्तकात बसली की पुढच्या सप्तकात नव्याने बसवावी लागत नाही. एक लक्षात असू द्या, काळी चारच्या सा-प-सा-प जुळणीत मध्य षड्ज मुलीच्या गळ्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो. तिला चुकल्यासारखं वाटेल, पण त्यात चूक नाही.

बारीक तार ढिली वाटते कारण ती उतरवलेली आहे. तीच तार थोड्या जास्त जाडीची घ्या, किरकिर कमी होईल. आणि वारंवार जुळवताना ब्रिजकडे, म्हणजे तारा टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीकडे, बघत जा. तारा ओढल्या की ब्रिजचा माथा हळूहळू फिंगरबोर्डाकडे झुकतो. टेलपीसकडची बाजू वाद्याच्या पाटाशी काटकोनात हवी. झुकला असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मागे घ्यायचा. तसाच राहिला तर एक दिवस वाकतो किंवा धाडकन पडतो.

प्रश्न : यमनात गंधारावरून पंचमाला मींड घेताना (बोट न उचलता सरकत जाताना) मधेच शीळ वाजते आणि परत येताना खरखर. रोज दोन तास रियाज करूनही जात नाही.
— एक विद्यार्थी, मुरार

पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर मोकळी तार सुमारे ३२८ मिलिमीटर लांब असते. षड्जाच्या तारेवर खुंट्यांकडच्या टोकापासून शुद्ध गंधार ६६ मिलिमीटरवर येतो, शुद्ध मध्यम ८२ वर, पंचम १०९ वर आणि तार षड्ज १६४ वर. म्हणजे गंधार तारेच्या पाचव्या भागावर, मध्यम चौथ्या भागावर, पंचम तिसऱ्या भागावर. बोट हलकं पडलं तर तार याच जागांवर स्वर सोडून शीळ घालते. तुमची मींड गंधारावरून निघून ८२ मिलिमीटरची जागा ओलांडते. यमनात शुद्ध मध्यम नाही, पण बोट त्याच्यावरूनच जातं, आणि तिथे ते उचललं गेलं की मोकळ्या तारेपेक्षा दोन सप्तकं वरचा षड्ज शिट्टीसारखा वाजतो. शीळ दर वेळी त्याच ठिकाणी येते का बघा. येत असेल तर दोष बोटाच्या दाबात आहे. सरकताना दाब कमी करायचा, पण तार फिंगरबोर्डावरून सुटू द्यायची नाही. बोट अडखळतं म्हणून आपण ते नकळत उचलतो. त्यावर जुना उपाय म्हणजे बोटाच्या टोकाला खोबरेल तेलाचं नाममात्र बोट. तेल गज फिरतो त्या जागेवर अजिबात जाता कामा नये, नाहीतर तार गजाला धरणारच नाही.

बसण्याकडेही बघा. मांडी घालून बसल्यावर उजवं पाऊल पुढे, वाद्याचं डोकं घोट्याजवळ टेकलेलं आणि मागचा भाग डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, छातीला. वाद्य या दोन टेकूंवरच उभं राहिलं पाहिजे. डावा हात काढून घेतल्यावर ते हललं तर तुमचा अंगठा वाद्य उचलतोय. तो अंगठा अडकलेला असताना ४३ मिलिमीटरची मींड एका ओढीत निघणं शक्य नाही.

परतीची खरखर मात्र गजाची आहे. गजाचे केस साधारण ६५ सेंटिमीटर. वर जातानाच पाऊण गज खर्च झाला की परतीला हात कंजुषी करतो : वेग कमी होतो आणि दाब तेवढाच राहतो किंवा वाढतो. वेग कमी, दाब जास्त, म्हणजे खरखर. वेग जास्त, दाब कमी, म्हणजे वरवरचा फुसफुसाट. शिवाय बोट वर जातं तशी वाजणारी तार आखूड होते, म्हणून गजाची जागाही थोडी ब्रिजकडे न्यायची आणि परत येताना मागे आणायची. ती मागे आणायची राहून जाते.

रियाज असा करून बघा. तंबोरा लावा, फक्त मध्य षड्ज, डावा हात मोकळा. सेकंदाला एक मात्रा धरून एका गजात ८ मात्रा, मग १२, मग १६. सोळाला गज सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर सरकतो. आवाज शेवटपर्यंत एकसारखा येईपर्यंत पुढे जाऊ नका, रोज दहा मिनिटं पुरे. त्यानंतर गंधार-पंचम-गंधार एकाच गजात : अर्धा गज जाताना, अर्धा येताना. मींडेच्या मधे गज कधीही बदलायचा नाही. बंदिशीत गज बदलतो तो अक्षराच्या सुरुवातीला. शब्द तीन अक्षरी असेल आणि तिन्ही अक्षरं वेगळी उच्चारली जात असतील तर तीन गज. अक्षर लांबवलं, त्यावर आकार (‘आ’चा आलाप) घेतला, तर तो आकार संपेपर्यंत तोच गज. त्यासाठी बंदिश आधी गळ्याने म्हणता यायला हवी. ज्याला अक्षरं माहीत नाहीत त्याच्या गजाला कुठे वळायचं तेही कळत नाही, आणि व्हायोलिनवरचा ख्याल तिथेच फसतो. तुमच्या दोन तासांतला अर्धा तास गाण्याला द्या.

आणखी थोडं तारसप्तकाविषयी, कारण तुमचं पुढचं पत्र त्याचंच येईल. सा ते रे हे अंतर खालच्या सप्तकात ३६ मिलिमीटर असतं, त्याच तारेवर वरच्या सप्तकात १८. वर बोटं अर्ध्या जागेत बसतात. तिथे तान बेसूर होते ती कानामुळे नव्हे, हात खालचीच मापं घेऊन वर जातो म्हणून.

प्रश्न : भरतनाट्यमच्या एका कार्यक्रमात शेवटी मोहनकल्याणीतला तिल्लाना झाला. रचना लालगुडी जयरामन यांची आहे असं सांगितलं. आम्हाला तो सरळ शुद्ध कल्याणातला तराणा वाटला. हे लालगुडी व्हायोलिनवादकच ना?
— एक वाचक, दौलतगंज

तेच, आणि तुमचा कान बरोबर आहे. मोहनकल्याणीचा आरोह मोहनमचा, म्हणजे आपल्या भूपाचा, आणि अवरोह कल्याणीचा, म्हणजे यमनाचा. शुद्ध कल्याणाचा सांगाडा हाच. फरक लगावात, म्हणजे स्वर लावण्याच्या पद्धतीत, आहे. आपल्याकडे अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम बहुधा मींडेत झाकून घेतात, तिथे ते उघडे येतात.

लालगुडी जयरामन यांचा जन्म १९३० चा, तिरुचिरापल्लीजवळच्या लालगुडीचा. गुरू वडीलच, व्ही. आर. गोपाल अय्यर. घराण्याचा धागा त्यागराजांच्या शिष्यापर्यंत जातो. बाराव्या वर्षी ते साथीला बसू लागले आणि अरियाकुडी, चेंबई, सेम्मनगुडी, जी. एन. बालसुब्रमण्यम अशा निरनिराळ्या वळणाच्या गायकांना साथ करत गेले. साथीदाराने गायकाचा शब्द ऐकून त्याच क्षणी तसाच वाजवायचा असतो. त्यांचं वादन बोलकं झालं ते या कामातून, असं आम्हाला ठामपणे वाटतं. १९६६ मध्ये बासरीचे एन. रमणी आणि वीणेचे त्रिवेंद्रम आर. वेंकटरामन यांच्यासोबत त्यांनी वेणू-वीणा-व्हायोलिन हा प्रयोग उभा केला. १९७२ साली पद्मश्री, २००१ साली पद्मभूषण, आणि 'शृंगारम' या तमिळ चित्रपटाच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार. २०१३ मध्ये ते गेले.

रचनाकार म्हणून त्यांचं मोठं काम वर्णम आणि तिल्लाना या कर्नाटक रचनाप्रकारांत आहे. तराणा ऐकणाऱ्या ग्वाल्हेरकराला तिल्लाना परका वाटू नये : तेच निरर्थक बोल, तोच लयीचा खेळ. पण तराणा ही गवयाने फुलवायची चीज आहे, तिल्लाना बराचसा बांधून दिलेला असतो आणि शेवटच्या भागात अर्थ असलेली ओळ येते. लालगुडींच्या तिल्लान्यांत देश, रागेश्री, मधुवंती, द्विजावंती असे आपल्या ओळखीचे राग आहेत. द्विजावंती म्हणजे आपल्या जयजयवंतीची दाक्षिणात्य बहीण. ऐकताना हाताने आदितालाच्या आठ मात्रा धरा. सम सोडून उचललेला तुकडा कुठे येऊन बसतो ते तेव्हाच कळतं. व्हायोलिन शिकणाऱ्यांनी हे तिल्लाने जरूर बसवावेत, आखूड गजाचा इतका चांगला अभ्यास ख्यालात मिळत नाही.

प्रश्न : मे महिन्यात खुंट्या घसरतात, पावसाळ्यात फिरतच नाहीत. यंदा वाजवताना झणझण असा आवाजही येतोय. वाद्य बिघडलं का?
— एक वाचक, थाटीपूर

लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, दमट हवेत फुगतं. आपल्याकडे लू चालू असताना खुंटी छिद्रात सैल होते, श्रावणात तीच गच्च बसते. खुंटी काढून जिथे ती छिद्राला घासते तिथे कोरडा साबण आणि त्यावर थोडा खडू लावा. घसरत असेल तर खडू जास्त, अडकत असेल तर साबण जास्त. फिरवताना खुंटी आतल्या बाजूला दाबतच फिरवायची. हे काम एका वेळी एकाच तारेचं करा. चारही तारा एकदम काढल्या तर आतला साउंडपोस्ट पडतो. तो चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो.

झणझण बहुतेक जोड सुटल्याची आहे. बोटाच्या पेराने कडेकडेने हलके टकटक करत फिरा. आवाज जिथे पोकळ, फाटका येईल तिथे वरचा पाट आणि बाजूची पट्टी यांचा जोड उघडलेला असतो. घाबरू नका. व्हायोलिन सरसाने जोडतात ते मुद्दामच, म्हणजे लाकूड ताणलं गेलं तर आधी जोड सुटतो आणि पाट फुटत नाही. कारागिराकडून पुन्हा सरसच लावून घ्या. घरी फेव्हिकॉल किंवा एरल्डाइट लावलं तर पुढच्या उन्हाळ्यात जोड तसाच राहील आणि पाटाला चीर जाईल.

पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, वाद्याला न लागेल असा. पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता वाद्याला मानवते. कूलरच्या झोतासमोर वाजवायला बसू नका, दुपारी बंद गाडीत वाद्य ठेवू नका, आणि वाजवून झालं की गजाचे केस ढिले करून मगच पेटी बंद करा.