बाबांना रॉकेट उडवायला नेणार असशील तर

अरे,

तुझा मेसेज मिळाला. बाबा सांगलीहून आलेत, इलिनॉयमधल्या तुझ्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर बसून कंटाळलेत, फोनवर मराठी बातम्या तरी किती बघणार, आणि तू त्यांना शनिवारी सकाळी मॉडेल रॉकेट उडवायला नेणार आहेस, मस्त आयडिया आहे. तू विचारलंस सगळ्यात उंच जाणारं किट कुठलं. ते घेऊ नकोस. म्हणजे पुढे कधीतरी घे, पण पहिल्या सकाळी नको, कारण फार उंच गेलेलं रॉकेट दिसतच नाही, आणि दिसलं नाही की साठी पार केलेला माणूस "हां, गेलं वाटतं" असं म्हणून बसायला जागा शोधायला लागतो.

मोटर म्हणजे रॉकेटात घालायची दारू भरलेली नळी, तिच्यावर काय छापलेलं असतं ते आधी समजून घे. ए८-३, बी६-४, सी६-५ असं काहीतरी असतं. अक्षर म्हणजे मोटरीची एकूण ताकद, दर पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट होते, ए ची अडीच न्यूटन-सेकंद, बी ची पाच, सी ची दहा. मधला आकडा म्हणजे सरासरी जोर, न्यूटनमध्ये. आणि शेवटचा आकडा, ज्याच्याकडे नवीन माणूस बघतच नाही, तो म्हणजे दारू जळून संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार उडणार. तेवढा वेळ रॉकेट नुसतं मिळालेल्या वेगावर वर जात असतं. हा आकडा गरजेपेक्षा मोठा घेतलास तर रॉकेट माथ्यावरून वळून नाक खाली करून येतं, मग भर वेगात पॅराशूट उघडून फाटतं, नाहीतर जमिनीत घुसल्यावर उघडतं. शेवटी शून्य असलेली मोटर, सी६-० वगैरे, दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते, ती चुकूनही उचलू नकोस.

तुझ्यासाठी ए८-३. शंभर मीटरच्या आतबाहेर जाईल, सुटताना दिसेल, वर वळताना दिसेल, पॅराशूट उघडलेलं दिसेल, आणि मुख्य म्हणजे परत मिळेल. तेच रॉकेट सी मोटरवर तीनशे मीटरच्या आसपास जातं आणि मग वारा त्याला कुठे नेईल ते वाऱ्याला माहीत. नियमांप्रमाणेसुद्धा ए साठी मैदानाची लहान बाजू किमान १०० फूट लागते, बी साठी २००, सी साठी ४००. आणि आत्ता जुलै आहे, तुझ्या गावाबाहेर सगळीकडे मका डोक्याच्या वर गेलाय, त्यात पडलेलं रॉकेट सापडलं असं मी फारसं ऐकलेलं नाही. शिवाय ते शेत कुणाचं तरी असतं, विचारल्याशिवाय आत घुसायचं नाही.

किट म्हणून एस्टेस कंपनीचं साधं अल्फा घे, बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या फिन्सवालं (फिन्स म्हणजे रॉकेटच्या बुडाशी असतात ते पंख). अल्फा थ्री नको, त्याच्या फिन्स प्लॅस्टिकच्या एकसंध येतात, अर्ध्या तासात रॉकेट तयार आणि बाबांना करायला काहीच उरत नाही. बाबा आयुष्यभर लेथवर उभे राहिलेत ना? मग फिन्स त्यांच्याकडे दे. बाल्साचे रेषे फिनच्या पुढच्या कडेला समांतर पाहिजेत नाहीतर ती आपटल्यावर मोडते, फिन्स नळीला काटकोनात बसायला पाहिजेत, उडताना रॉकेटला सरळ धरणाऱ्या रॉडवर सरकणारी ती बारीक नळकांडी नळीला अगदी समांतर पाहिजे, आणि गोंद सुकला की सांध्यावरून बोटाने गोंदाचा आणखी एक हात फिरवायचा. तू यूट्यूब बघून करशील ते आणि ते नुसत्या नजरेने करतील ते, यात फरक पडणार आहे आणि तो तुला वर जाताना दिसेल. ते चूक काढतील, काढू दे. त्यांना नुसतं पाहुणा म्हणून मैदानावर नेऊन उभं करणार असशील तर त्यापेक्षा मॉलमध्ये ने, तिथे एसी तरी आहे.

किट जोडताना त्यांना एस्टेस कंपनीवाल्या व्हर्न एस्टेसची गोष्ट सांग, इंजिनियरिंगच्या माणसाला आवडते. पन्नासच्या दशकात अमेरिकेतली पोरं स्पुटनिकच्या नादात घराच्या तळघरात केमिकलं मिसळून रॉकेटं करायची आणि बोटं घालवून बसायची. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपलाबुटांचा दुकानदार होता, त्याने आणि त्याच्या भावाने १९५४ मध्ये तयार मोटर घालून उडवायचं आणि पॅराशूटने परत आणायचं कागदी रॉकेट केलं. १९५७ मध्ये हॅरी स्टाइन नावाच्या व्हाइट सँड्सच्या रॉकेट तळावर काम केलेल्या माणसाच्या हातात ते पडलं आणि त्यातून हा छंद उभा राहिला. पण मोटरी हाताने भरून पुरेनात, म्हणून डेन्व्हरमध्ये ज्यांचा फटाक्यांचा धंदा होता त्या एस्टेस घरातल्या मुलाने एक मशीनच बनवलं, मेबल नाव ठेवलं, कॉम्प्रेस्ड एअरवर चालायचं आणि दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर टाकायचं. बाबा पहिला प्रश्न विचारतील की दारू दाबताना ठिणगी पडली तर? बरोबर प्रश्न आहे.

आता मैदान. गावातली मैदानं सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टला फोन करून विचार, काही ठिकाणी परवानगी देतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात, न विचारता जाऊन बाबांसमोर पोलिसांशी इंग्रजी बोलत बसण्यापेक्षा हे बरं. विमान खात्याची परवानगी एवढ्याशा रॉकेटला लागत नाही, पूर्ण वजन १५०० ग्रॅमपर्यंत आणि आतली दारू १२५ ग्रॅमपर्यंत चालते, तुझं अख्खं रॉकेट मोटरीसकट शंभर ग्रॅमसुद्धा भरणार नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीचे क्लब आहेत, तिथली माणसं चांगली असतात, पण पहिल्यांदा तुम्ही दोघंच जा असं मला वाटतं. गर्दीत बाबा गप्प होतील आणि तू दुभाषा.

पहाटे जा. साडेसहाला मैदानावर पोचायचं. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उठायला लागते, वारा सुटतो, आणि तुझं पॅराशूट खाली यायच्या ऐवजी शेजारच्या गावाला निघतं. ताशी २० मैलांच्या वर वारा असेल तर उडवायचंच नाही हा नियम झाला, मी तर दहाच्या वर गेला की घरी येऊन पोहे करतो. आणि अजून एक, वर जाताना रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे तोंड फिरवतं, खाली येताना मात्र वारा त्याला उलट ढकलतो, त्यामुळे पॅड, म्हणजे उडवायचा स्टँड, कुठे लावायचं ते गवताची चिमूट उडवून ठरव. सुकं गवत असेल तर पॅडच्या आजूबाजूचं साफ कर आणि पाण्याची बादली जवळ ठेव.

पॅक करताना दोन गोष्टींवर वाद होईल. एक म्हणजे वॅडिंग. ते टॉयलेट पेपरसारखं दिसतं पण त्याला आग न लागण्याची प्रक्रिया केलेली असते, तीनचार तुकडे सैल चुरगाळून पॅराशूटच्या खाली घालायचे म्हणजे तो छोटा बार उडाल्यावर पॅराशूटचं प्लॅस्टिक वितळत नाही. बाबा म्हणतील एवढा कागद कशाला, एक बास झाला, किंवा घरचा टिश्यू घाल की. नाही. साधा कागद जळत खाली येतो. दुसरं म्हणजे टाल्कम पावडर, पॅराशूटला थोडी लावायची म्हणजे घड्या चिकटत नाहीत, ती त्यांच्या बॅगेत असेलच.

बाबांना हे सगळं दिवाळीतल्या बाटलीतल्या रॉकेटासारखं वाटणार आणि इथेच तू जरा कडक व्हायचं. इथे वात नाही, उदबत्ती नाही. वायरच्या टोकाला मोटर पेटवणारा इग्नायटर, पंधरा फुटांवर उभं राहून बटण, आणि कुणीही पॅडजवळ असताना त्या बटणाच्या कंट्रोलरची किल्ली तुझ्या खिशात. बटण दाबलं आणि काही झालं नाही तर ते लगेच वाकून बघायला जातील, सवय आहे आपल्याकडे. किल्ली काढायची, पूर्ण ६० सेकंद थांबायचं, मग जायचं. बहुतेक वेळा इग्नायटरचं टोक आत दारूला टेकलेलंच नसतं, नाहीतर दोन क्लिपा एकमेकींना चिकटलेल्या असतात. उलटी मोजणी मोठ्याने, मराठीत कर, काही बिघडत नाही.

उडवताना त्यांना पॅडजवळ उभं करू नकोस, शंभर मीटर मोजून तिकडे उभं कर, हातात कोनमापक, त्याला दोरा आणि दोऱ्याला नट बांधलेला. रॉकेट माथ्यावर असताना कोन बघायचा, शंभर गुणिले टॅन, झाली उंची. ४५ अंश आला तर १०० मीटर, ४० आला तर ८४. त्यांच्या पिढीने लॉग टेबलं वापरलीत, तुझ्या फोनच्या आधी उत्तर सांगतील कदाचित. शिवाय पडताना फायदा होतो, कारण रॉकेट उतरलं की दोघांनीही धावायचं नाही, आपापल्या जागेवरून ते ज्या दिशेला गवतात दिसेनासं झालं तिथलं झाड किंवा खांब नजरेत धरायचा, आणि मग दोघांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे चालत जायचं. एकट्या माणसाला दिशा कळते, अंतर कळत नाही. हे लोक सांगत नाहीत आणि मग तासभर गवत तुडवत बसतात. विजेच्या तारांवर अडकलं तर सोडून द्यायचं, स्वस्तातली वस्तू आहे, काठी शोधायला बाबांना पाठवू नकोस, ते जातील.

दोनतीन उड्डाणं नीट झाली आणि वारा अजून पडलेलाच असेल तर बी६-४ लाव. तेव्हा बटण कुणी दाबायचं ते तुम्ही बघा.

आणि बाबा परत निघताना ते रॉकेट नातीसाठी सांगलीला नेतो म्हणतील. रॉकेट जाऊ दे, कपड्यांत गुंडाळून द्या. मोटरी आणि इग्नायटर मात्र विमानात चालत नाहीत, केबिनमध्येही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही, तेव्हा बॅग भरून झाल्यावर एकदा तू स्वतः उघडून बघ, कारण ते एखादी मोटर रुमालात बांधून ठेवणारच. उरलेल्या मोटरी माझ्याकडे आणून दे.

तुझा,
काका