शेतीमुळेच गावं, सत्ता आणि संस्कृती आली का? गोव्यात याचा पुरावा दिसतो का?

अर्धं खरं. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपे या प्राचीन स्थळावरचे प्रचंड कोरीव दगडी खांब सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी उभारले गेले, तेही शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांनी. म्हणजे एकत्र येऊन मोठं काम करायला आधी शेती हवीच, असं नाही.

गोव्यातलं म्हणाल तर आमची खाजनं बघा. भरतीच्या पातळीखालची ही जमीन बांध घालून खाडीकडून मिळवलेली. मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या-सोडायच्या वाटेची) लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारटपणा सोसणारं कोरगुट भात. (उकड्या तांदळाची पेज करावी तर याचीच!) पण बांध फुटला की एकट्याचं नाही, सगळ्यांचंच शेत खारं होतं. म्हणून राखण, दुरुस्ती, हिशेब सामाईक. गांवकरी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, हेच सांभाळायची. तिचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये लिहून काढले, पण ती त्यांच्या कितीतरी आधीची.

दक्षिण गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीकाठी जांभ्या दगडावर प्राचीन माणसांनी कोरलेले बैल-हरणंही एकदा बघून या.

आणि गंमत म्हणजे इंग्रजीतल्या ‘कल्चर’चं मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थच मुळी मशागत.