माझ्याकडे २००४ ची पेट्रोल मारुती झेन आहे. पुण्यात ती इलेक्ट्रिक करून घेणं परवडेल का?

परवडणार नाही. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण प्रश्नाखाली तुम्ही हळूच जोडलंय की 'एका ओळखीच्यांनी सांगितलं, कन्व्हर्ट केलेल्या गाडीत कपलिंगचा आवाज येतो, हे खरं का?' (कपलिंग म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग.) ते ओळखीचे म्हणजे आमचे दाजी नसावेत असं धरून लिहितो. असले तरी हरकत नाही, त्यांनीही वाचावं.

पैशाचं आधी उरकतो. पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास, तुमची झेन गावातल्या ट्रॅफिकमध्ये १४-१५ देत असेल. म्हणजे १०० किलोमीटरला साधारण ७०० रुपये. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक गाडी १२ युनिट खाईल, चार्जरमधली गळती धरून १४. महावितरणच्या वरच्या स्लॅबने हिशोब केला तरी दोनशेच्या आसपास. वाचले पाचशे. बॅटरी, किट आणि मजुरी मिळून पाच लाख धरा. ते वसूल व्हायला एक लाख किलोमीटर चालवावं लागेल. महिन्याला ५०० किलोमीटर चालवत असाल तर सोळा-सतरा वर्षं. तोवर तुमच्या झेनच्या पत्र्याचं काय होईल ते तुम्हीच बघा. दिल्लीकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली तेव्हा तिकडच्या लोकांना या धंद्यात रस वाटू लागला, ते समजू शकतो. आपल्याकडे तशी बंदी नाही. १५ वर्षांनंतर गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. तेव्हा घाई कसलीही नाही.

ज्याला वडिलांची गाडी विकवत नाही, किंवा ज्याचे हात शिवशिवतात, त्याने हा हिशोब बघू नये. आमचे दाजी दुसऱ्या प्रकारचे.

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं जॉब वर्कचं शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. दाजी निवृत्त झाले आणि ताईच्या नशिबी यूट्यूब आलं. त्यांचीही झेनच, पांढरी, बावधनला सोसायटीत उभी. पहिली कल्पना इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या टाकायची. १२ व्होल्टच्या आठ, म्हणजे ९६ व्होल्ट. १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते, आठ म्हणजे चारशे किलो. झेन स्वतः आठशेच्याही आत. मी म्हटलं, "दाजी, मग ताईला रिक्षाने पाठवा, गाडीत जागाच उरणार नाही." त्यावर ते म्हणाले, "रेव्हा चालायची की लेड ॲसिडवर." चालायची, बरोबर. पण बंगळुरूची ती रेव्हा मुळात त्याच बॅटऱ्यांसाठी बांधलेली होती, छोटी आणि हलकी. शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेटचा १५ किलोवॅट तासाचा पॅक ठरला. तो सव्वाशे किलोच्या आसपास. बरं झालं.

किट त्यांनी कुठून आणलं ते नंतर सांगतो. मोटर आली, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आला, चार्जर आला. १२ व्होल्टचे दिवे, वायपर नि हॉर्न चालवायला डीसी-डीसी कन्व्हर्टरही आला. मोटर गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट मात्र आली नाही. "ती तू बनव," दाजी म्हणाले. दाजींना नाही कोण म्हणणार? ताईच्या घरी जेवायला जायचं असतं.

आता आवाजाचा जो विषय आहे तो इथेच सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर. इंजिन काढलं की गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेलं घंटेसारखं आवरण, बेल हाउसिंग, उघडं पडतं. त्याच्या मधोमध इनपुट शाफ्ट, त्यावर स्प्लाइन म्हणजे लांब खाचा-दाते. मोटरचा शाफ्ट त्याच्या अगदी सरळ रेषेत यायला हवा. मी २० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट घेतली, बेल हाउसिंग नेमक्या जागी धरणाऱ्या डॉवेल पिन जिथे बसतात ती भोकं आधी पकडली आणि त्यांच्यावरून मधलं सेंटर काढलं. बरेच जण उलट करतात, बोल्टच्या भोकांवरून सेंटर काढतात. बोल्टच्या भोकाला खेळ असतो, तिथेच सगळी माती होते. कपलरसाठी नाना पेठेतून झेनची जुनी क्लचप्लेट आणली. तिचे रिव्हेट उडवून मधला स्प्लाइनवाला हब सुटा केला, तो टर्न करून घेतला आणि मोटरच्या बाजूच्या फ्लँजमध्ये दाबून बसवला, मग पिन मारल्या. वेल्डिंग केलं नाही, कारण वेल्डिंगने हब ओढला जातो. सगळं जोडून शाफ्ट किती डगमगतो ते मोजणारा डायल गेज लावला तेव्हा काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत फिरत होता. माझ्या शॉपमधून ज्या कंपन्यांचे जॉब वर्षानुवर्षं जातात त्यांनाही यापेक्षा जास्त अचूकता लागत नाही. फोटो काढून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर.

गाडी चालू झाली. क्लच काढलेला, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि निघायचं, मोटरला शून्यापासून ओढ असते. आणि तीसच्या पुढे गेलं की एक बारीक 'हूंऽऽ' येऊ लागला. दाजींनी मान तिरकी करून ऐकलं आणि निकाल दिला, "प्लेट आउट आहे." म्हणजे सरळ रेषेत नाही.

हे वाक्य त्यांनी पुढे किती जणांना ऐकवलं! साखरपुड्यात, बारशाला, एकदा तर माझ्याच सासऱ्यांना. "साल्याने प्लेट बनवली, पण थोडी आउट राहिली."

तर ऐका. तो आवाज गिअरबॉक्सचा असतो. तो तुमच्या पेट्रोल झेनमध्ये आजही येतोय, फक्त इंजिनच्या आवाजाखाली दबलेला आहे. इंजिन गेलं की गिअरचे दात, डिफरन्शिअल, झिजलेलं बेअरिंग, दाराचं रबर, सगळं ऐकू येतं. मी दाजींना सिद्ध करूनही दाखवलं. मोटर पूर्ण बंद, गिअर न्यूट्रल, आणि गाडी उतारावर सोडली. या अवस्थेत मोटर फिरत नाही, कपलर फिरत नाही, प्लेट तर काय, बोल्टने आवळलेलीच आहे. चाकांमुळे फक्त गिअरबॉक्सची चाकांकडची बाजू आणि डिफरन्शिअल फिरतं. आवाज तसाच. मी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "हा टायरचा आहे."

तुम्ही कधी कन्व्हर्ट केलेली गाडी बघायला गेलात तर हीच चाचणी करा. न्यूट्रलमध्ये, मोटर बंद ठेवून आवाज राहिला तर कपलिंगला दोष देऊ नका, गिअर ऑइल बदला आणि बेअरिंग बघा. आवाज बंद झाला आणि मोटर सुरू केल्यावर थरथर येत असेल, तर मात्र ज्याने प्लेट बनवली त्याची कॉलर धरा.

पण या आवाजाच्या नादात खरा विषय बाजूला पडला, आणि तोच तुम्ही विचारलेला नाही. सगळे विचारतात खर्च किती, रेंज किती. थांबते का, हे कुणीच विचारत नाही. पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, इंजिनच्या हवा ओढणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन काढलं की व्हॅक्यूम गेला, बूस्टर नुसता डबा उरला. त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो, प्रेशर स्विच आणि छोट्या टाकीसकट. डिझेल गाड्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप पहिल्यापासून लागतो, पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, त्यामुळे यात नवीन काही नाही. मी दाजींना प्लेट देतानाच सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, "रिजन आहे की! ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप रोखली जाते. आणि पेडल थोडं कडक असलं म्हणून काय झालं, फियाटला असंच असायचं."

रविवारी सकाळी त्यांनी मला फिरवायला नेलं. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी, बॅटरी काठोकाठ. बावधनहून चांदणी चौकात चढलो आणि पौड रोडच्या उताराला लागलो. दाजींनी ऐटीत ॲक्सिलरेटर सोडला. गाडी रोखली गेलीच नाही. रिजनमध्ये मोटर गाडी रोखताना वीज बनवून बॅटरीत घालते. भरलेल्या बॅटरीत आणखी करंट घालता येत नाही, म्हणून कंट्रोलर रिजन बंद करतो. सपाट रस्त्यावर, अर्ध्या चार्जवर फिरून त्यांना ही सवय लागली होती आणि नेमक्या उतारावर ती सवय कामाला आली नाही. पुढे सिग्नलला बस उभी. दाजींनी पेडल दाबलं, पेडल म्हणजे दगड. मग दोन्ही पाय. सीटवरून अर्धे उठले होते ते. मी हँडब्रेक ओढला. बसच्या मागच्या काचेवरचा धुळीतला बोटाने काढलेला बदाम मला आजही दिसतो, इतक्या जवळ थांबलो. दाजी काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "पंप मी बसवणारच होतो. तुझ्या प्लेटच्या भानगडीत राहिला."

पंप बसला. पेडल मऊ झालं. नातेवाइकांत मात्र प्लेटच गाजते.

आता किटचं. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की किट 'मान्यताप्राप्त' आहे. कागद होताही. पण सर्टिफिकेटवर कोणकोणत्या गाड्यांसाठी मान्यता आहे ते लिहिलेलं असतं, आणि त्या यादीत झेन नव्हती. आपल्याकडे लोकांचा समज असा की वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आहेच, गाडी वर न्यायची आणि पास करून आणायची. तसं नसतं. तिथे किट बनवणारा आपलं किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासून घेतो. तुमची-माझी एकटी गाडी तपासायला ते बसलेले नाहीत. मान्यता असलेलं किट, तुमच्याच मॉडेलसाठी, त्या उत्पादकाने नेमलेल्या माणसाकडून बसवलेलं, आणि मग आरटीओत आरसीवर इंधनाच्या रकान्यात बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे, ते वाचून ठेवा. मगच हिरवी नंबरप्लेट. हे नसताना गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे, आणि त्या रविवारी बसला लागलं असतं तर विमा कंपनी हात वर करू शकली असती. हे मी दाजींना त्या उताराआधी सांगितलं होतं आणि नंतरही. गाडी सध्या कव्हर घालून पार्किंगमध्ये आहे. महिन्यातून एकदा चार्ज करतात, सोसायटीच्या आवारातच मागेपुढे करतात. त्या चार्जिंगच्या पॉइंटवरून चेअरमनशी झालेलं भांडण हा वेगळा विषय.

काही गोष्टी राहिल्या. मी लेथवाला माणूस आहे, बॅटरीतला नाही. सेल कुठले घ्यायचे ते मला विचारू नका, एवढंच सांगेन की बीएमएसवर, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून तिला जपणाऱ्या सर्किटवर, पैसे वाचवू नका. तुमच्या झेनचा एसी इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, तोही जाणार. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर वेगळा घ्यावा लागेल आणि एप्रिल-मेमध्ये तो रेंज खाईल. शंभर-सव्वाशे किलोमीटर म्हणून सांगतात ते एसीशिवाय आणि एकट्या माणसाचं असतं. बॅटरी मागे बसते म्हणून मागचं वजन वाढतं, तेव्हा मागचे शॉकअब आणि ड्रम ब्रेक नवे करून घ्या. गाडीचं वजन जेवढं वाढलं तेवढी माणसं आणि सामान कमी, हेही डोक्यात ठेवा.

खरं विचाराल तर एवढ्या पैशांत सेकंडहँड का होईना, कंपनीत बनलेली इलेक्ट्रिक गाडी बघा. तिचा बूस्टर, रिजन आणि ब्रेक एकमेकांशी जुळवण्याचं काम कुणीतरी पगार घेऊन केलेलं असतं. टियागोसारख्या छोट्या गाडीला १९ किलोवॅट तासाची बॅटरी येते, ती झेनमध्ये कोंबायची म्हटली तर मागची सीट काढावी लागेल.

तरीही करायचंच असेल तर किटवाल्याला फोन करण्याआधी आरसी काढून तारीख बघा. २००४ च्या गाडीची पहिली मुदत २०१९ ला संपली, वाढवली असेल तर २०२४ ला पुन्हा. ती वाढवलेली नसेल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत तुमच्या मोटरबद्दल कुणी ऐकूनच घेणार नाही, आधी मुदत वाढवायच्या खिडकीवर पाठवतील.